डिस्नीलँडला एकच दिवस असेल तर कुठलं पार्क?

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला डिस्नीची दोन पार्क समोरासमोर आहेत, एका गेटातून दुसऱ्यात सहज चालत जाता येतं, पण एका दिवसाच्या साध्या तिकिटात एकच पार्क (दोन्ही हवीत तर पार्क हॉपर, ते महाग पडतं). पोरं लहान असतील तर मी म्हणेन जुनं 1955 चंच डिस्नीलँड, कारण डम्बो, पीटर पॅन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड या राइड्सना उंचीची अटच नाही, अगदी आजीसकट सगळे एकत्र बसतात. फक्त पीटर पॅनची लाइन कायम लांब, गेट उघडलं की आधी तिकडेच सुटा. समोरचं 2001 चं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर मोठ्या पोरांसाठी भारी, पण रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्सला 40 इंच अन् इनक्रेडिकोस्टरला 48 इंच उंची लागते, म्हणजे धाकटं खाली भोकाड पसरणार. खाणं मात्र तिकडचं जास्त बरं.