फोटॉन, आयन की अतिवाहक क्युबिट? आधी बघा, जोडी तुटते कशी

एन्टँगलमेंटवर, म्हणजे दोन कणांच्या क्वांटम अवस्था एकमेकींत गुंतण्यावर, प्रकल्प करायचा ठरला की पहिला पेच असतो अशी गुंतलेली जोडी कशात बांधायची याचा: फोटॉनांत (प्रकाशकणांत), आयनांत (विद्युतभारित अणूंत) की अतिवाहक क्युबिटांत (विद्युतरोध नसलेल्या परिपथांत). बरेच जण ती किती वेळ टिकते तो आकडा बघतात आणि मोठा आकडा उचलतात. मी तो आकडा नंतर बघेन. जोडी कशी तुटते आणि तुटलेली आपल्याला कळते का, हे आधी.

तुटण्याच्या वाटा सगळीकडे दोनच. एक मापनाची. एका कणाचा स्पिन (त्याचा एक क्वांटम गुणधर्म) मोजला की त्या बाबतीतलं दोघांचं गुंतणं संपलं. पण बहुतेकदा आपण जोडी त्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे त्याला नुकसान म्हणायचं कारण नाही. दुसरी वाट परिसराची. भटका फोटॉन, चुंबकीय क्षेत्रातली थरथर, शेजारचा रेणू, यांपैकी कुणीही कणाशी गुंतला की मूळ नातं तेवढं पातळ होतं, कारण दोन क्युबिट (० आणि १ अशा दोन अवस्थांची क्वांटम माहितीची एककं) एकमेकांत पूर्ण गुंतलेले असतील तर तिसऱ्याला वाटा मिळत नाही. हेच डीकोहिरन्स. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डीटर त्से यांनी १९७० मध्ये त्याचा पाया घातला.

फोटॉन परिसराच्या फारसा नादी लागत नाही. तो हरवतो. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी चांगल्या फायबरमध्ये दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल गळती होते, म्हणजे १५ किलोमीटरनंतर निम्मे फोटॉन उरतात आणि १०० किलोमीटरनंतर शंभरातला एक. ऐकायला भयंकर वाटतं, पण हरवलेला फोटॉन डिटेक्टरवर येतच नाही. ती जोडी मोजणीतून वगळायची. उरलेल्या बऱ्याचशा ताज्याच असतात. २०१७ मध्ये चीनच्या मिशस उपग्रहावरून १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांना गुंतलेले फोटॉन पोचले ते याच बळावर, कारण वाटेचा बहुतेक भाग निर्वात होता. अडचण एवढीच की फोटॉनला थांबवून ठेवणं जिकिरीचं.

आयनांचं नेमकं उलटं. निर्वात सापळ्यात ते जागचे हलत नाहीत, पण जोडी हळूहळू विटते आणि बाहेरून काही दिसत नाही. २०२१ मध्ये यटर्बियमच्या एकट्या आयनाची सुसंगती, म्हणजे क्वांटम अवस्था न बिघडता राहणं, तासाभराहून जास्त टिकेल असा अंदाज प्रयोगातून निघाला. हा आकडा जाहिरातीसारखा वापरला जातो, म्हणून सांगतो: तो एका क्युबिटचा आहे, जोडीचा नाही. जोडीचं टिकणं तिच्या अवस्थेवरही ठरतं. दोन्ही आयनांवर एकच चुंबकीय गोंगाट असेल तर ‘०१ अधिक १०’ या अवस्थेत (एक क्युबिट ०, दुसरा १, किंवा उलट) दोघांचे कलाबदल, म्हणजे अवस्थेच्या तरंगाचं पुढेमागे सरकणं, एकमेकांना खोडतात. ‘०० अधिक ११’ मध्ये (दोन्ही सारखे) ते दुप्पट होतात. सापळा तोच, आयन तेच, आणि नशीब मात्र वेगळं.

अतिवाहक क्युबिट साधारण १० ते २० मिलिकेल्विनला ठेवावे लागतात आणि तरी त्यांचं आयुष्य मायक्रोसेकंदांत मोजतात. पण त्यांची गेट्स, म्हणजे क्युबिटवरच्या मूलभूत क्रिया, नॅनोसेकंदांत चालतात, त्यामुळे तेवढ्यात शेकडो क्रिया उरकतात. गणन हवं असेल तर निवडावेत, साठवणीसाठी नाही.

हळूहळू विटणाऱ्या जोडीत एक मेख आहे. २००४ मध्ये टिंग यू आणि जोसेफ एबरली यांनी दाखवलं की एकेका कणाची सुसंगती रेंगाळत ओसरत असतानाही एन्टँगलमेंट ठरावीक क्षणी पूर्ण शून्य होऊ शकतं. २००७ मध्ये फोटॉनांच्या प्रयोगात ते पडताळलंही गेलं. म्हणून गरज आधी ठरवा. आदर्श जोडीत नुसता यादृच्छिक गोंगाट मिसळत गेलात तर आदर्श अंश ७१ टक्क्यांच्या खाली येताच बेलच्या असमानतेची नेहमीची चाचणी (दोन कणांची जुळणी आधीच ठरलेल्या उत्तरांनी समजावता येत नाही हे दाखवणारी) फसते. एन्टँगलमेंट मात्र एक तृतीयांशापर्यंत शिल्लक असतं. बेलची चाचणीच करायची असेल तर मी डोळे मिटून फोटॉन घेईन, कारण पोचलेल्या जोड्या बहुतेक ताज्याच असतात.

लांबवर जोडायचंही आहे आणि साठवायचंही, तर दोन्ही घ्या. दोन सापळ्यांतल्या आयनांनी एकेक फोटॉन सोडायचा आणि ते दोन फोटॉन मधे एकत्र मोजायचे. त्या मापनात आयन-फोटॉन जोड्या संपतात आणि कधी जवळही न आलेले दोन आयन एकमेकांत गुंततात. २००७ मध्ये साधारण मीटरभर अंतरावरच्या दोन आयनांवर हे पहिल्यांदा साधलं.