कंपनीतला क्लब की कोथरूडचा?

भाचा हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे. नुकताच टीम लीड झाला आणि त्याचा फोन आला. "मावशी, आमच्या ऑफिसात टोस्टमास्टर्सचा क्लब आहे, गुरुवारी सहाला. दुसरा घराजवळ कोथरूडला, शनिवारी सकाळी. आणि एचआरवाली म्हणते, दोन दिवसांचं वर्कशॉप करून टाक. कुठे जाऊ?"

मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघते. टोस्टमास्टर्स म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करणारे क्लब. कंपनीतला आणि बाहेरचा, अशा दोन्ही तऱ्हेच्या क्लबांत मिळून सात वर्षं काढली आहेत.

वर्कशॉपचं आधी उरकते. पंधरा दिवसांवर मोठं प्रेझेंटेशन आलं असेल तर जरूर जा. तिथे व्हिडिओ काढतात, हात कुठे ठेवायचे ते सांगतात. पण दोन दिवसांत तुमची पाळी फार तर दोनदा येते.

क्लबांचा सांगाडा मात्र सगळीकडे एकच. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी राल्फ स्मेडली यांनी वायएमसीएच्या इमारतीत ही पद्धत सुरू केली, आणि ती अजून टिकून आहे. तयारीचं भाषण साधारण पाच ते सात मिनिटांचं. पाचाला हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल, वर तीस सेकंदांची सूट. टेबल टॉपिक्समध्ये आयत्या वेळच्या विषयावर एक ते दोन मिनिटं. प्रत्येक भाषणाला एक इव्हॅल्युएटर, म्हणजे भाषण कसं झालं ते सांगणारा. तुमचे 'अं' आणि 'ॲक्चुअली' मोजायलाही एक जण असतो. फरक पडतो तो समोर कोण बसलंय याने.

कंपनीतल्या क्लबात समोर साहेब बसलेले असतात. किंवा साहेबांचे साहेब. मग इव्हॅल्युएशन असं होतं: "आवाज छान, आय कॉन्टॅक्ट थोडा वाढवता येईल." दीड वर्षात माझ्या वाट्याला याहून कडक काही आलं नाही. शिवाय 'पीपीएम', 'एट-डी' असे क्वालिटीतले शब्द म्हटले की सगळे माना डोलावतात, त्यामुळे समजावून सांगायची गरजच पडत नाही. सोय मात्र खरी. जिना उतरलं की हॉल, आणि काही कंपन्या वर्गणीही भरतात. (आमच्याकडे क्लब संपेपर्यंत कंपनीची बस सुटायची, ही सोयीची दुसरी बाजू.) एक फायदा मात्र बाहेर मिळत नाही. परचेसच्या ज्या साहेबांना मी तीन-तीन मेल पाठवायची, ते क्लबात माझ्या शेजारी बसायला लागले. नंतर फोनवर काम व्हायचं.

कोथरूड-डेक्कनकडच्या क्लबात निवृत्त बँक अधिकारी, सीएची पोरं, विमा एजंट, डॉक्टर. मी तिथे 'लॉट रिजेक्ट का होतो' यावर सात मिनिटं बोलले. इव्हॅल्युएटर दातांच्या डॉक्टर होत्या. म्हणाल्या, "रिजेक्ट नक्की कोण झालं, माल की माणूस, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही." हॉल हसला. मी घरी जाऊन चरफडले. पण पुढच्या कस्टमर कॉलला पहिलं वाक्य 'काय बिघडलं', दुसरं 'किती नग', तिसरं 'चांगला माल कधी मिळेल' असं लिहूनच बसले. कॉल नेहमीपेक्षा लवकर संपला.

वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालवणारं हे पुणं. इथे शाळेत वक्तृत्वाची ढाल जिंकलेले लोक पावलोपावली भेटतात. त्यांना "अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" विसरायला सहा महिने लागतात. ढाल मीही जिंकलेली आहे.

आता क्लबातलं ऑफिसात काय चालतं? वेळ पाळणं लगेच चालतं. टेबल टॉपिक्स अर्धंच. क्लबात काहीही बोलून दोन मिनिटं भरायची असतात, ऑफिसात "बघून चार वाजेपर्यंत सांगते" हे बरेचदा जास्त चांगलं उत्तर. क्लबात मुरलेली माणसं हे विसरतात आणि ठोकून देतात.

इव्हॅल्युएशनने तर मला चांगलंच अडचणीत आणलं. आधी कौतुक, मग सूचना, शेवटी पुन्हा कौतुक, ही क्लबातली रीत. आमच्या एका नव्या इन्स्पेक्टरला मी त्याच चालीवर म्हणाले, "रिपोर्ट स्वच्छ आहे, फोटो उत्तम. गेजची कॅलिब्रेशनची तारीख बघत जा. एकूण मेहनत दिसते." तिसऱ्या आठवड्यात लॉट परत आला. गेजची, म्हणजे मापायच्या उपकरणाची, तपासणीची मुदत संपलेली. मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर छान म्हणालात." चूक माझी होती. आता बिघडलेलं आधी सांगते, एका वाक्यात, तारखेसकट. कौतुक दुसऱ्या दिवशी.

आणि नेतृत्व? ते भाषणातून फारसं येत नाही, क्लबातल्या पदातून येतं. मी वर्षभर व्हीपी एज्युकेशन होते, म्हणजे कोण कधी बोलणार याचा तक्ता माझ्याकडे. शुक्रवारी रात्री दहाला मेसेज यायचा, "उद्या जमणार नाही, पाहुणे आलेत." ना पगार माझ्या हातात, ना अप्रेझल. नुसतं गोड बोलून दुसरा माणूस उभा करायचा. कंपनीतल्या क्लबात हेच काम मॅनेजरच्या एका मेलवर होतं, म्हणून शिकायला कमी मिळतं.

भाच्याला स्टेजची भीती नाही. त्याला ज्युनिअरला वाईट बातमी तोंडावर सांगता येत नाही. म्हणून मी कोथरूड म्हटलं. तो कंपनीत नवा असता, कुणी ओळखत नसतं, तर बिनदिक्कत गुरुवारचा क्लब सांगितला असता. आणि क्लायंटशी सगळं इंग्रजीत चालत असेल तर आपला क्लब कुठल्या भाषेत बोलतो तेही विचारून घ्या. सकाळी सातला शॉप फ्लोअरवर बोलायचं असेल तर मराठीचा सराव जास्त कामाचा.

पाहुणे म्हणून दोन्हीकडे एकेकदा बसून या. भाषणांकडे फार लक्ष देऊ नका. इव्हॅल्युएटर वक्त्याचं एखादं नेमकं वाक्य उचलून बोलतो की "ओव्हरऑल छान" म्हणून खाली बसतो, तेवढं ऐका. वर्गणी सहा महिन्यांची असते, एप्रिल आणि ऑक्टोबरला. पदाधिकारी मेमध्ये निवडतात आणि १ जुलैपासून काम सुरू होतं. ऑक्टोबरला आत गेलात तर निवडणुकीपर्यंत लोक तुम्हाला ओळखायला लागलेले असतात. भाच्याला सांगून ठेवलंय, व्हीपी एज्युकेशन माग, आणि ते नाही मिळालं तर खजिनदार हो. वर्गणीसाठी चौदा जणांना फोन करावे लागतील.