वर्ल्ड बँकेची गरिबी मोजणारी साइट, एकदा वापरून बघाच

पॉव्हर्टी अँड इनइक्वॅलिटी प्लॅटफॉर्म, शॉर्टमध्ये पीआयपी, 2022 ला आलं, आधी पोव्हकॅलनेट होतं. एकदम फुकट, देश निवडायचा नि गरिबीची रेषा टाकायची, म्हणजे दिवसाला किती पैशांच्या खाली माणूस गरीब धरायचा तो आकडा, की त्या रेषेखाली किती लोक आहेत ते दिसतं. रेषा आपली आपण टाकता येते हेच मला सगळ्यात भारी वाटलं. जून 2025 पासून अतिगरिबीची रेषा दिवसाला माणशी 3 डॉलर आहे, त्याआधी 2.15 होती, आणि हे बाजारातल्या रेटचे डॉलर नव्हेत, त्या त्या देशात तेवढ्यात काय मिळतं ते धरून बसवलेले. आता 3 च्या जागी 4.20 टाकून बघा, रेषेच्या जरा वर किती माणसं दाटीवाटीने उभी आहेत ते दिसतं, पोटात कालवतं हो.

गरीब रेषेच्या किती खाली आहेत तेही कळतं. फक्त काही देशांचा आकडा उत्पन्नावरून असतो, काहींचा खर्चावरून, ते न बघता दोन देश शेजारी ठेवू नका. आणि घराचं एकूण उत्पन्न नाहीतर खर्च भागिले माणसं असा हिशोब असल्यामुळे त्याच घरातल्या म्हातारीच्या औषधाला काही उरलं का, ते मात्र इथे सापडत नाही.