जुन्या गाडीत अँड्रॉइड डेक बसवला: मिररिंग, अँड्रॉइड ऑटो आणि बाकीच्या भानगडी

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असणारे सुटतील. जुन्या गाडीत नऊ इंची अँड्रॉइड डेक, म्हणजे टचस्क्रीनवाली म्युझिक सिस्टीम, टाकायचा विचार असेल तर बिनधास्त टाका, फक्त वायर लावून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोन गाडीच्या स्क्रीनवर वापरायची गूगलची आणि ॲपलची सोय) नीट चालतंय का आणि बसवणारा माणूस हुशार आहे का एवढं बघा. रॅम किती, स्क्रीन किती इंच, यूट्यूब चालतं का, हे सगळं दुकानदाराचं तुणतुणं आहे. आणि स्क्रीन मिररिंग, म्हणजे फोनचं चित्र जसंच्या तसं गाडीत दाखवणं, ह्या प्रकाराला माझ्याकडून पाचपैकी दीड मार्क, त्यातला अर्धा पार्किंगमध्ये बसून पोरांना कार्टून दाखवता येतं म्हणून.

आमची हॅचबॅक दहा वर्षं ओलांडून गेलीय, इंजिन ठणठणीत आहे, विकायची इच्छा नाही. कंपनीचा डेक म्हणजे एफएम, सीडी आणि एक यूएसबी. इतकी वर्षं फोन डॅशबोर्डवर स्टँडला लावून मॅप बघायचो, मे महिन्यात काचेतून ऊन आलं की फोन इतका तापायचा की ब्राइटनेस आपोआप उतरायचा आणि नेमकं वळण यायच्या वेळी स्क्रीन अंधारी. त्यात नियमही आता कडक आहेत, ऑक्टोबर २०२० पासून गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. म्हणून म्हटलं एकदाचा अँड्रॉइड बसवूनच टाकू.

मुंबईत ह्या कामासाठी कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड प्रसिद्ध आहे हे सांगायला नको, पण आता प्रत्येक उपनगरात चार दुकानं झालीयत. मी घराजवळच्याच एका दुकानात बसवला, नाव घेत नाही कारण सगळीकडे हाच खेळ चालतो. दुकानातला पोरगा म्हणाला, "साहेब, चार-चौसष्ट आहे, अँड्रॉइड तेरा, बिनधास्त न्या." म्हणजे चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी स्टोरेज. सेटिंगमध्ये उघडून दाखवलं, खरंच तेरा लिहिलेलं. घरी येऊन हार्डवेअर दाखवणारं एक ॲप टाकलं तर अँड्रॉइड दहा आणि रॅम दोन जीबी! म्हणजे सेटिंगच्या पानावर नुसतं अक्षर बदलून ठेवलंय. परत गेलो तर म्हणतो कंपनीकडूनच असं येतं साहेब. स्वस्तातल्या बिनब्रँडच्या डेकमध्ये हे इतकं सर्रास आहे की पैसे द्यायच्या आधी दुकानातच स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट देऊन तसलं ॲप टाका आणि समोर चेक करा, त्यात लाजायचं काही नाही. मी शेवटी भाव कमी करून घेतला आणि तोच ठेवला, कारण मला त्या रॅमचं फारसं काही करायचंच नव्हतं. का ते सांगतो.

लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी करतात. एक, डेकवरच ॲप टाकायची, म्हणजे डेक हाच एक टॅबलेट, त्याला नेट द्या आणि मॅप्स, गाणी सगळं तिथेच चालवा. दोन, मिररिंग, म्हणजे फोनवर जे दिसतं ते जसंच्या तसं गाडीच्या स्क्रीनवर. तीन, अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले. ह्यात फोन गाडीसाठी वेगळीच स्क्रीन तयार करतो, मोठी बटणं, मोजकी ॲप्स, आणि ती स्क्रीन व्हिडिओसारखी केबलमधून डेककडे जाते, तुम्ही बोट लावलं की ते उलट फोनला कळवलं जातं. डोकं सगळं फोनचं चालतं, डेकने फक्त दाखवायचं. त्यामुळे दोन जीबीवाला डेकसुद्धा ह्यात रखडत नाही, आणि फोन बदलला की गाडी पण आपोआप नवी झाल्यासारखी. उलट डेकवर टाकलेली ॲप्स वर्ष-दोन वर्षांत जड होत जातात, अपडेट मागतात, आणि ह्या डेकना सिस्टीम अपडेट कोण देणारय, दुकानदार?

आता मिररिंग. दुकानात डेमो देताना सगळ्यात जास्त हेच दाखवतात, फोनवर यूट्यूब लावलं की गाडीत यूट्यूब, गिऱ्हाईक खूश. प्रत्यक्षात वापरायला लागलं की एकेक कळायला लागतं. फोन उभा धरलेला, स्क्रीन आडवी, म्हणजे मधे एक उभी पट्टी आणि दोन्ही बाजूला काळं. फोनची स्क्रीन सतत चालू ठेवावी लागते, लॉक झाला की गाडीत पण अंधार. आयफोन असेल तर चित्र येतं पण डेकवर बोट लावून काही होत नाही, सगळं फोनवरच करायचं, मग स्क्रीन बसवली कशाला! अँड्रॉइडला टच चालवायचा तर त्या मिररिंगच्या ॲपला यूएसबी डिबगिंगपासून (केबलमधून फोनचा ताबा देणारी सेटिंग) नको नको त्या परवानग्या द्यायच्या, आणि हे ॲप प्ले स्टोअरवरून नाही तर डेकवरचा क्यूआर कोड स्कॅन करून कुठल्या तरी साइटवरून उतरवायचं. ज्या फोनमध्ये बँक आहे त्यात मी हे करणार नाही, बाकी ज्याची त्याची मर्जी. पैसे भरून घेतलेल्या ओटीटीवर पिक्चर लावा, आवाज येतो आणि चित्राच्या जागी काळा चौकोन, कारण ती ॲप्स कॉपी होऊ नये म्हणून चित्र बाहेर जाऊच देत नाहीत. दुकानदार हे सांगत नाही, तो कायम यूट्यूबच दाखवतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे सगळं सगळ्यांना दिसतं. सासरेबुवा शेजारच्या सीटवर, मागे सासूबाई आणि बायको, आणि मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी काय टाकलं ते नऊ इंचावर वरून सरकत आलं. बायको म्हणाली, "अहो, तुमचा मॅप बोलायला लागला वाटतं." सासरेबुवा खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर बँकेचा ओटीपी पण असाच झळकला. अँड्रॉइड ऑटोमध्ये मेसेज आला तर फक्त कोणाचा आला ते दिसतं, मजकूर बटण दाबल्यावर वाचून दाखवतात. आता आमच्या आईला रोमन लिपीत मराठी टाइप करायची सवय, त्यामुळे "कुठे आहेस, जेवायला येणार का" हे अँड्रॉइड ऑटोच्या आवाजातली बाई असल्या इंग्रजी सुरात वाचते की एकही शब्द कळत नाही आणि सगळी गाडी हसते. पण निदान अब्रू जात नाही.

जुन्या जाणत्यांना मिररलिंक आठवत असेल, फोन गाडीच्या स्क्रीनवर आणायची जुनी पद्धत, नोकियाच्या काळात सुरू झालेली. आपल्याकडच्या काही गाड्यांच्या ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात छापायचे. २०१४ ला कारप्ले आलं, २०१५ ला अँड्रॉइड ऑटो, आणि मिररलिंक मागे पडत गेलं, सॅमसंगने तर २०२० मध्ये आपल्या फोनमधला सपोर्टच बंद केला. म्हणून सेकंडहँड गाडी बघताना कोणी "फोन कनेक्ट होतो, मिररलिंक आहे" म्हणाला तर मान डोलवा आणि भाव करताना ते शून्य धरा.

वायरवालं अँड्रॉइड ऑटो मात्र मस्त चालतं, केबल सोडून. नव्वद टक्के लोकांची "कनेक्ट होतं आणि तुटतं" ही रड केबलची असते. सिग्नलवर विकतात ती किंवा जुन्या चार्जरसोबतची केबल चार्ज करते पण डेटा नीट नेत नाही, चांगली आणि एक मीटरच्या आतली केबल घ्या, सुटेल प्रश्न. दुसरं म्हणजे डेकच्या यूएसबीतून चार्जिंग फार हळू होतं, मॅप चालू असेल तर वायर लावलेली असूनही बॅटरी खाली येत जाते, हे लांबच्या प्रवासात लक्षात ठेवा. सिगारेट सॉकेटमधून चार्ज आणि डेकला वायरलेस असं करता येतं पण वायरलेसची कथा वेगळी आहे. त्यात ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, खरं चित्र ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवरून जातं, त्यामुळे फोन तापतो आणि बॅटरी धाडधाड उतरते. गाडी चालू केल्यावर जोडलं जायला वेळ लागतो तो वेगळाच, मी सोसायटीच्या गेटबाहेर पडून मुख्य रस्त्याला लागलो तरी कधीकधी हे गोल गोल फिरत असतं. दूध आणायला जाताना वायरलेस छान, गावाला जाताना वायर. कंपनीच्या डेकमध्ये फक्त वायरवालं असेल तर ते वायरलेस करणारा तीन-चार हजाराचा डोंगल (यूएसबीत लावायची छोटी डबी) मिळतो, मेव्हण्याने त्याच्या गाडीत लावलाय, बरा चालतो, पण गाणं बदललं की क्षणभर उशिरा बदलतं.

एक गोष्ट मात्र नीट वाचा कारण ह्यात मी सगळ्यात जास्त डोकं फोडलं. बसवल्यावर पहिल्यांदा हायवेला गेलो तर मॅपवरचा बाण वेड्यासारखा उड्या मारत होता, मी पुलावर आणि बाण खालच्या सर्व्हिस रोडला, मधेच शेजारच्या शेतात. हाच फोन हातात धरून बघितला तर लोकेशन बरोबर. भानगड अशी की अँड्रॉइड ऑटो लावलं की फोन बऱ्याचदा स्वतःच्या जीपीएसऐवजी डेकने दिलेली जागा खरी मानतो, आणि डेकची जीपीएस अँटेना म्हणजे मॅचबॉक्सएवढा चुंबकवाला काळा ठोकळा, तो बसवणाऱ्याने घाईत डेकच्या मागे एसीच्या डक्टखाली ढकलून दिलेला, वर सगळी लोखंडी पट्टी. आकाश दिसणार कुठून त्याला! परत जाऊन फ्रेम काढायला लावली, वायर बाजूच्या पिलरच्या कव्हरमधून वर घेतली आणि ठोकळा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात काचेखाली चिकटवला. त्या दिवसापासून बाण सरळ. पाच मिनिटांचं काम, पण आधी कोणी करत नाही.

फिटिंगचंच अजून. कपलर टू कपलर बसवा, म्हणजे गाडीच्या प्लगमध्ये डेकचा प्लग सरळ जोडायचा, ओरिजिनल वायरिंग कापू देऊ नका, गाडी वॉरंटीत असेल तर अजिबातच नाही. दोन वायरी असतात, एक बॅटरीवरून कायम चालू राहणारी आणि एक चावी फिरवल्यावर चालू होणारी, आळशी माणूस दोन्ही एकत्र जोडतो, मग डेक बंद दिसतो पण आतून जागाच असतो आणि आठवडाभर गाडी उभी राहिली की सकाळी स्टार्टर नुसता कटकट करतो. स्टीअरिंगवर बटणं असतील तर ती डेकला शिकवून घ्यावी लागतात, ते दुकानात बसूनच करा. कॉलवर समोरच्याला आवाज विहिरीतून येतोय असं वाटत असेल तर डेकमधला माइक बंद करून बाहेरचा छोटा माइक घ्या, दोन-तीनशे रुपयांचा असेल, सन व्हायजरजवळ लावायचा.

ॲप्सचं म्हणाल तर गाडीत मला मॅप आणि गाणी सोडून काही लागत नाही. गूगल मॅप्समध्ये २०२४ पासून फ्लायओव्हर चढायचा का खालून जायचं ते आधी सांगायला लागलेत, आपल्याकडच्या शहरांत ही खरी गरज होती, इतकी वर्षं "सरळ जा" ऐकून पुलावर चढायचो आणि उतरायला पुढच्या गावात. मॅपल्स (मॅपमायइंडियाचं मॅपचं ॲप) पण गाडीच्या स्क्रीनवर चालतं आणि त्यात मोठ्या चौकाचं चित्रच येतं कुठली लेन धरायची ते, मला ते जास्त आवडलं, पण नवीन हॉटेल शोधायला परत गूगलच. मॅपचा आवाज मराठीत लावून घ्या, आईबाबांना फार बरं वाटतं. आणि ताम्हिणी किंवा वरंध घाटाने जाणार असाल तर घरीच वायफायवर तेवढा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा, घाटात रेंज जाते आणि डेक कितीही भारी असला तरी फोनला नेट नसेल तर दोघेही माना टाकून बसतात.

नवीन गाडी घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, मधल्या व्हेरियंटपासून कंपनीचाच बरा डेक येतो, शोरूममध्ये स्वतःचा फोन जोडून बघा म्हणजे झालं. हे सगळ्याच गाड्यांत असतं असंही नाही हं. टेस्ला २०२५ मध्ये मुंबईत आली तेव्हा तिच्यात अँड्रॉइड ऑटोही नव्हतं आणि कारप्लेही नव्हतं, आणि अमेरिकेत जनरल मोटर्सनेही २०२३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत आम्ही हे देणार नाही, आमचीच सिस्टीम वापरा. आपण कुठे त्या घेतोय म्हणा.

माझी एकच कुरकुर राहिलीय. नऊ इंची काचेत आवाजाचा गोल नॉब नाही, कडेला टचची बारकी बटणं आहेत, खड्ड्यात गाडी आदळली की बोट भलतीकडे आणि आवाज कमी करायला जावं तर होम स्क्रीन. नॉबवाले डेक मिळतात, सात इंचात जास्त, थोडे महाग. दुकानात आधी तेच मागा.