शिशाचा संशय आणि मुलाचे मूत्रपिंड: आधी कोणती तपासणी करावी?

जुन्या नाशकातल्या वाड्याच्या खिडकीशी बसून लहान मूल लाकडी गजांवरचा रंग नखाने सोलते. हिरव्या थराखाली पिवळा निघतो आणि तेच बोट तोंडात जाते. घरगुती रंगात शिशाची मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या थरांविषयी खात्री देता येत नाही. बॅटरीच्या कामावरून वडील त्याच कपड्यांत घरी येत असतील, तर तोही धोकाच. अशा घरी पालकांच्या मनात पहिल्यांदा क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते त्या टाकाऊ पदार्थाची, तपासणी येते. ती स्वस्त आहे, कुठेही होते, पण माझ्या मते सुरुवात तिथून करू नये.

मूत्रपिंडात गाळल्या गेलेल्या द्रवातील साखर, अमिनो आम्ले आणि फॉस्फेट परत शोषून घेणाऱ्या नलिकांवर शिशाचा पहिला घाव बसतो. क्रिएटिनिन मात्र गाळण्याची क्षमता बरीच घटल्यावरच वाढते. म्हणून ते नॉर्मल आले की पालक निर्धास्त होतात, ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. लघवीची तपासणी थोडी अधिक बोलकी असते, कारण मोठ्या विषबाधेत रक्तातील साखर ठीक असतानाही लघवीत ग्लुकोज उतरते. कमी पातळीच्या संपर्कात मात्र तीही स्वच्छ येऊ शकते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये व्हरांड्याच्या रंगातून लहानपणी विषबाधा झालेल्यांपैकी अनेकांची मूत्रपिंडे कित्येक वर्षांनी, मोठेपणी निकामी झाली.

रक्तातील शिशाची तपासणी नेमके कारणच मोजते. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास स्रोत शोधून तो हटवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत २०२१ पासून ३.५ हा आकडा धरतात. यांपैकी कोणताही आकडा सुरक्षित मर्यादा नव्हे. या तपासणीचीही एक मर्यादा आहे: रक्तातील शिसे सुमारे महिन्याभरात निम्मे होते, हाडांतले वर्षानुवर्षे राहते, म्हणून जुना संपर्क तिच्यात पुरता दिसत नाही. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्तात त्वचेवरची धूळ मिसळून आकडा फुगतो, तेव्हा नमुना शिरेतूनच द्यावा आणि तशी सोय आहे का, हे लॅबला आधी विचारावे. केसांच्या तपासणीवर खर्च करू नये.

शिशाचा आकडा वाढलेला आला की क्रिएटिनिन, लघवी, रक्तदाब आणि लोहाची पातळी बालरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्यावी, कारण लोह कमी असलेले मूल शिसे अधिक शोषते. आकडा ४५ किंवा त्याहून अधिक असेल, तर शिसे बाहेर काढणारी औषधे सहसा रुग्णालयात द्यावी लागतात. त्यांपैकी काही औषधे स्वतःच मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतात, म्हणून तिथे मूत्रपिंडाची तपासणी टाळून चालतच नाही.

दरम्यान गज कोरडे घासू नयेत. मुलाला दुसरीकडे ठेवून, लाकूड ओले करून रंग खरवडावा आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे एक ते तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा शिरेतूनच रक्त द्यावे.