कायमचं त्रिकूट की दर वेळी नवे साथीदार?

चेंबर संगीत (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं पाश्चात्त्य संगीत) वाजवायचं आणि शिकवायचंही, तर पियानिस्टपुढे दोन वाटा असतात.

पहिली कायमच्या पियानो ट्रिओची, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो या त्रिकूटाची. मेनाहेम प्रेसलर बोझार ट्रिओमध्ये १९५५ ते २००८ वाजवत राहिले. व्हायोलिन आणि चेलोवादक बदलले, पियानिस्ट तेच. इंडियाना विद्यापीठातलं त्यांचं अध्यापनही १९५५लाच सुरू झालं. अशा सहवासात लय कुठे सैल सोडायची हे बोलावं लागत नाही. पण एक जण सोडून गेला की ठरलेले कार्यक्रम अडतात, आणि दौऱ्यात बुडालेले शिकवणीचे तास परतल्यावर सलग भरून काढावे लागतात.

दुसरी वाट पाहुण्या पियानिस्टची: शूमान, ब्राम्स, ड्वोर्झाक यांची क्विंटेट (पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) तयार ठेवायची आणि बोलावणाऱ्या क्वार्टेटबरोबर, म्हणजे चार तंतुवादकांच्या संचाबरोबर, वाजवायची. तारखा आपल्या हातात, त्यामुळे दर आठवड्याची शिकवणी टिकते. मात्र तालमी मोजक्याच मिळतात आणि चौघांचं आपसांत आधीच ठरलेलं असतं. पियानोच्या प्रतीत सगळ्यांच्या ओळी छापलेल्या असतात, म्हणून त्या चारही ओळी पाठ हव्यात.

दोन्ही वाटांवर नेहमी बिघडतो तो वाद्यांच्या आवाजाचा तोल. डावा हात आणि पेडल (स्वर घुमत ठेवणारी पायपट्टी) चेलोच्याच खालच्या स्वरांत घुमतात आणि त्याला झाकतात. पियानोचं झाकण बंद करणं हा चुकीचा उपाय: तेज जातं, खर्ज तसाच राहतो. डावा हात हलका करा, पेडल वारंवार सोडून पुन्हा दाबा.

सुरुवातीची वर्षं दुसऱ्या वाटेवर घालवावीत, असं आमचं ठाम मत आहे. ट्रिओसाठी योग्य माणसं तिथेच भेटतात.