सकाळच्या पोटदुखीचे कारण शोधून देणारे केंद्र
तिसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीचे पोट केवळ शाळेच्या दिवशी सकाळीच दुखते आणि रविवारी ती ठणठणीत असते, हे बालरोगतज्ज्ञांनी लक्षात आणून दिल्यावर आम्ही पुण्यातील एका बाल समुपदेशन केंद्रात गेलो. या वयातील मुले ताण शब्दांत सांगू शकत नाहीत, तो त्यांच्या शरीरातून व्यक्त होतो, हे तेथील समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत समजावले. मुलीला थेट प्रश्न न विचारता त्यांनी चित्रे आणि बाहुल्यांच्या खेळातून तिला बोलते केले, आणि चौथ्या भेटीत, पाढे चुकल्यावर वर्गासमोर उभे राहावे लागण्याची तिची भीती उघड झाली. शाळेला त्यांनी संयत भाषेत पत्र लिहिले. आम्हाला मात्र संध्याकाळची शिकवणी बंद करण्यास सांगितले, जे स्वीकारणे मला फार जड गेले. आता पोटदुखी क्वचितच होते. शुल्क बरेच आहे आणि शनिवारची वेळ मिळण्यास ३ आठवडे लागतात. ज्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याबाबत समुपदेशन करणारी विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.